भिंतीतला ओव्हन आणि आपलं आठवं व्रत



आज जरा कडक लिहिणार आहे. कुणाला लागलं तर शेवटी क्षमा मागणारच आहे, पण आधी पूर्ण वाचा.

आमच्या घरी स्वयंपाकघराचं काम काढलंय. ओटा जुना झाला होता, खालचं लाकूड वाळवीने खाल्लं होतं, त्यामुळे काम काढणं भागच होतं. डिझायनर संभाजीनगरहून आला. त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं: उजव्या हाताच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत एक उभं कपाट, त्यात मधोमध ओव्हन, त्यावर मायक्रोवेव्ह, दोन्ही भिंतीत बसवलेले, पुढून काळी चकचकीत काच. नुसत्या त्या दोन वस्तूंचा आकडा लाखाच्या पुढे. आमचे हे म्हणाले, "घेऊन टाकू. आजकाल सगळ्यांकडे असतो." मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मलाही ती काच आवडली होती.

मग चार दिवसांनी एका भाभींकडे गेले. नातवाचा वाढदिवस होता. त्यांच्याकडे असाच भिंतीतला ओव्हन आहे, दीड वर्षापूर्वी बसवलेला. त्या दिवशी हौसेने केक करायचा ठरला. ओव्हन चालू केला आणि पाच-सात मिनिटांत घरभर वास सुटला. आधी वाटलं नव्या वायरचा असेल. बंद करून, थंड होऊ देऊन जाळी बाहेर काढली, तर मागच्या कोपऱ्यात झुरळं मरून पडलेली. त्यांची अंडीही असणार. आठ महिने तो ओव्हन कुणी उघडलाच नव्हता. अंधार, ऊब, वर्दळ नाही, आणि कपाटाच्या मागे हात जाणार नाही अशी फट. त्या जिवांनी घर केलं यात त्यांची काय चूक?

भाभी रडायलाच लागल्या. आदल्या रात्रीच त्यांनी प्रतिक्रमण केलं होतं. त्या संध्याकाळी मी घरी आले आणि डिझायनरला फोन करून सांगितलं, उभं कपाट रद्द.

आता मुद्द्यावर येते. आपण रोज प्रतिक्रमणात बारा व्रतांचे अतिचार म्हणतो. आठवं व्रत अनर्थदंडाचं. ज्या हिंसेला काही प्रयोजनच नाही, जी केल्यावाचून आपलं काहीच अडणार नव्हतं, ती हिंसा म्हणजे अनर्थदंड. त्या व्रताच्या पाच अतिचारांत शेवटचा कोणता, आठवा बरं. उपभोग-परिभोगाच्या वस्तू गरजेपेक्षा जास्त ठेवणं. तो आपण तोंडाने म्हणतो, मिच्छामि दुक्कडम् देतो, आणि सकाळी शोरूममध्ये जाऊन तोच अतिचार हप्त्यावर विकत घेतो. माझं एवढंच म्हणणं आहे: स्वयंपाकघरात कोणतं यंत्र यावं हे शेजारणीकडे काय आहे यावरून ठरवू नका. आठव्या व्रतावरून ठरवा.

आता एकेक वस्तू घेऊ.

आधी तो मोठा ओव्हन. भिंतीत बसवायचे ओव्हन साधारण ६० सेंटिमीटर रुंदीच्या खणात बसतात आणि आत साठ-पासष्ट लिटरची जागा असते. एवढी जागा कशाला? ज्या देशांत ही वस्तू घडली तिथे सणाला अख्खा पक्षी किंवा मांसाचा मोठा तुकडा दोन-तीन तास भाजतात, म्हणून. आपण त्यात काय ठेवणार? बारा बाट्या? एक केक? त्यासाठी अडीच-तीन हजार वॅटवर ती सगळी पोकळी तापवायची. लहान ओव्हनचंही बघा. ओटीजी घेतला की खोक्यातून एक लांब दांडा आणि दोन काटे निघतात. माझ्या सुनेने विचारलं, "मम्मीजी, हे काय?" तो दांडा कोंबडी टोचून फिरवायचा आहे. सोबतच्या पाककृतींच्या पुस्तिकेतही पहिलं चित्र त्याचंच होतं, दुसरं बटाट्याचं. आपल्या घरासाठी त्या पुस्तिकेत एक पान नाही.

यंत्र आपल्या घरासाठी बनलेलं असणं म्हणजे काय, ते मिक्सरवरून कळतं. साठच्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपलं वाटण वाटता वाटता जळाला. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये अभियंते होते. परदेशी मिक्सर आपल्या सुक्या मसाल्यांना आणि भिजवलेल्या डाळींना पुरा पडत नाही हे त्यांनी ओळखलं आणि मजबूत मोटरचा 'सुमीत' मिक्सर बनवला. माझ्या माहेरी तो होता, तुमच्यापैकी कितीजणींकडे अजून असेल. त्या बाईने आपली डाळ-मसाला बदलला नाही, यंत्र बदलायला लावलं. आणि आज आपण काय करतोय? ओव्हन आधी घेतो आणि मग त्यात काय करायचं ते यूट्यूबवर शोधतो.

आता मायक्रोवेव्ह. तो अन्नातल्या पाण्याच्या कणांना हलवून अन्न गरम करतो. म्हणून भाजी गरम होते, पण बाटी खरपूस होत नाही. त्याचं खरं काम कोणतं? फ्रिजमधलं कालचं आज गरम करणं. आता तुम्हीच सांगा, आपल्या घरात कालची भाजी, कालची पोळी आज खायची असते का? वासी आपल्याला वर्ज्य. मग ज्या वस्तूचं मुख्य कामच आपल्याकडे निषिद्ध आहे, तिला वीस-पंचवीस हजार देऊन भिंतीत मानाची जागा कशासाठी? मी चार घरी विचारलं. उत्तर एकच: दूध कोमट करायला आणि पॉपकॉर्नला. दूध पातेल्यात कोमट होतं, बायांनो.

सगळ्यांना एकच माप लावत नाही. एखादीच्या घरी सासरे दहा वाजता जेवतात, मुलगा एक वाजता येतो, आणि ती स्वतः शाळेत शिकवते. तिला सकाळची भाजी दुपारी गरम करायला मायक्रोवेव्ह खरंच उपयोगी आहे. तिने घ्यावा, खुशाल घ्यावा. एकच वस्तू ठेवण्याइतकी जागा असेल तर कन्व्हेक्शनवाला घ्यावा, म्हणजे भाजणंही होईल. पण सुटा घ्यावा, भिंतीतला नको.

सुटाच का? पडिलेहणासाठी. साधू-साध्वी आपली वस्त्रं, पात्रं दिवसातून दोनदा उलटून-पालटून बघतात, एखादा जीव दडलाय का ते. आपण श्रावक तेवढं करू शकत नाही, पण चूल पेटवण्याआधी बर्नर पूंजून घेण्याची रीत आपल्या आज्यांनी पाळली. सुट्या ओटीजीचं दार पूर्ण उघडतं, खालचा चुऱ्याचा ट्रे ओढून निघतो, टॉर्च मारून चारही कोपरे दिसतात, मऊ पूंजणीने पूंजता येतं. पूर्ण थंड असताना दोघींनी धरला तर उचलून खालचं, मागचं झाडता येतं. भिंतीतल्या ओव्हनच्या मागे काय चाललंय ते कोणाला दिसतं? हवा खेळावी म्हणून कंपनीच मागे फट ठेवायला सांगते, आणि ती फट म्हणजे झुरळ-मुंग्यांची धर्मशाळा. मग वर्षातून दोनदा औषध मारायला माणूस बोलवायचा. म्हणजे आधी जिवांना घर द्यायचं आणि मग त्यांना मारायचं. ज्या यंत्राचं पडिलेहण होत नाही ते जैन घरात येऊ नये. माझ्यापुरता मी हा नियमच घेतलाय.

एअर फ्रायरबद्दल खूप जणी विचारतात. तो पंखा लावलेला लहान ओव्हनच आहे, बाराशे-पंधराशे वॅटचा. कच्च्या केळ्याचे तुकडे, मखाणे, शेंगदाणे त्यात छान होतात. पण पापड टाकला तर पंख्याने उडून वरच्या कॉइलला चिकटतो, आणि चार माणसांचं एकदम होत नाही. ओटीजी असेल तर एअर फ्रायर अतिरिक्तच, आणि एअर फ्रायर आधीच घेतला असेल तर आता ओटीजी घेऊ नका. दोन्ही ठेवण्यासारखं घर मला अजून दिसलं नाही.

डिशवॉशरही डिझायनरने सुचवला होता. पाणी वाचतं म्हणाला. हे खरंच आहे, भरलेल्या मशिनला एका वेळेस दहा-बारा लिटर पुरतं, आणि जालन्याच्या बाईला पाण्याची किंमत सांगायला नको. २०१२-१३ चा दुष्काळ आपण टँकरच्या रांगेत उभ्या राहून काढलाय. पण मशिन भरेपर्यंत सकाळची उष्टी भांडी संध्याकाळपर्यंत आत ठेवायची. उष्ट्यात ४८ मिनिटांनी संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात हे आपण पाठशाळेत शिकलो. थाळी धुऊन पिणाऱ्यांची घरं आपली. त्यामुळे तोही नको म्हटलं.

इथपर्यंत वाचून काही ज्येष्ठ श्राविका खूश झाल्या असतील. आता त्यांच्याशी बोलायचं आहे.

आमच्या सासूबाई, वय ७८. त्यांचं म्हणणं, "वीजच नको. सगळं पापच. आम्ही गोवऱ्यांवर बाट्या केल्या, काही अडलं नाही." मी त्यांचा मान ठेवून पण स्पष्ट बोलले. पावसाळ्यात गोवरी मोडून बघा, आत किती किडे असतात. ती आपण तशीच पेटवत होतो. गॅस घ्या. ज्योत म्हणजे तेउकाय, त्यात शंकाच नाही, आणि पावसाळ्यात दिवेलागणीला ज्योतीवर झेपावणारे पतंगे वेगळेच. वीज सचित्त की अचित्त, यावर आपल्या संप्रदायांमध्ये मतभेद आहेत. कुठे माइक चालतो, कुठे चालत नाही. तो निर्णय म.सा. आणि महासतीजींनी करावा. आपण श्राविका घरात पंखा, फ्रिज, मिक्सर चालवतो, पाण्याची मोटर चालवतो. ते सगळं चालतं आणि सुनेच्या हाताला आराम देणारं यंत्र आलं की तेवढंच पाप, असा हिशोब मला पटत नाही. आरंभ दोन्हीकडे आहे. जयणा कुठे जास्त राखता येते एवढंच बघायचं.

आणि खरी अडचण चौविहाराची आहे. आमची सूनबाई बँकेत आहे. पाच वाजता निघते तरी घरी पोचायला सव्वापाच. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य सातनंतर मावळतो, तेव्हा काही वाटत नाही. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पावणेसहाला सूर्यास्त. सव्वापाच ते पावणेसहा, अर्ध्या तासात हात-पाय धुवायचे, कणीक मळायची, पोळ्या करायच्या, सगळ्यांना वाढायचं आणि स्वतःही जेवायचं. गेल्या हिवाळ्यात कितीतरी दिवस ती सगळ्यांना वाढून स्वतः उपाशी राहिली, कारण वाढता वाढता सूर्य गेला. आणि स्थानकात मला एकीने विचारलं, "तुमच्या सुनेचा चौविहार होत नाही का?" तिचा होत होता, पोटाला चिमटा काढून. आपल्याला त्याची लाज वाटायला हवी होती, तिला नाही.

म्हणून मी म्हणते, जे यंत्र घरातल्या बाईला सूर्यास्ताआधी पानावर बसवतं ते परिग्रह नाही. जे भिंतीत बसून पाहुण्यांना दिसतं तो परिग्रह.

आता मी काय घेतलं ते सांगते. फक्त दोन वस्तू.

पहिली, २८ लिटरचा ओटीजी, पंधराशे वॅटचा. त्यात चौघांच्या बाट्या एका वेळेस होतात: दहा मिनिटं आधी तापवायचा, मग २०० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं, मध्ये एकदा बाट्या उलटायच्या. जास्तीत जास्त एक-सव्वा युनिट वीज लागते. मुख्य म्हणजे टायमर आहे. वेळ झाली की आपोआप बंद होतो आणि घंटी वाजते. अष्टमी-चौदसला लिलोत्री नसते तेव्हा डाळ-बाटी, भाजलेले पापड, नानकटाई सगळं त्यातच. लहानपणी दिवाळीआधी मैदा, तूप, साखर घेऊन आम्ही बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजायला नेत असू, आठवतंय? त्याच ट्रेमध्ये आधी काय भाजलं होतं हे कोणी विचारत नव्हतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका अंडं-मांस नाही एवढंच सांगतो, कांदा-लसूण-बटाट्याचं तो काही सांगत नाही. नातवंडांच्या वाढदिवसाचा केक घरी होणं हे ओव्हन घेण्याचं मला पटलेलं कारण आहे. मात्र ओव्हन घरचाच हवा. दुसऱ्याचा वापरलेला स्वस्तात मिळाला तरी मी घेतला नसता.

दुसरी वस्तू, इंडक्शन शेगडी. आधी मी पाण्यासाठी विजेची किटली बघितली होती. पण किटली पहिली उकळी आली की टक् करून बंद होते, आणि आपल्या उकाळलेल्या पाण्याला तीन उकाळे लागतात. वर्षीतप, आयंबिलची ओळी, पर्युषण, घरात कोणाचं ना कोणाचं चालूच असतं. इंडक्शनवर स्टीलच्या पातेल्यात पाच लिटर पाणी अर्ध्या-पाऊण युनिटात होतं, ज्योत नाही, आणि गॅसचे दोन्ही बर्नर मोकळे राहतात. एक सांभाळा: त्यावर पितळ, तांबं, ॲल्युमिनियम चालत नाही. घरातला लोहचुंबक घेऊन भांड्यांच्या बुडाला लावून बघा. जिथे चिकटेल ती भांडी चालतील. नवी भांडी घेण्याआधी हे करा, माझी तीन पातेली घरातच निघाली.

दोन्ही मिळून दहा हजारांच्या आत बसलं. उरलेल्या पैशांतून मी अशी गोष्ट करून घेतली जी पाहुण्यांना दिसत नाही: वायरिंग. साधं छोटं सॉकेट सहा अँपियरचं असतं, त्यावर साधारण तेराशे वॅटच्या पुढची वस्तू लावू नये. ओटीजी आणि इंडक्शनला प्रत्येकी वेगळं १६ अँपियरचं सॉकेट, वेगळी जाड तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, आणि चांगलं अर्थिंग करून घेतलं. मल्टिप्लगवर ओव्हन लावू नका, कितीही घाई असली तरी. घर पेटलं तर कसली जयणा?

आणि दिवसा तापवण्यासारखं असेल तेव्हा आपलं ऊन विसरू नका. शिर्डीच्या साई प्रसादालयात २००९ पासून सौर वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक होतो. मी गच्चीवर पेटीचा सौर कुकर ठेवलाय, एप्रिल-मेमध्ये डाळ-भात त्यातच. सूर्य मावळला की तोही बंद, अगदी आपल्यासारखाच.

आता थोडं शेवटचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या घरात हे यंत्र घ्या, ते घ्या असं सांगणारे सगळे पुरुष होते: डिझायनर, दुकानदार, आमचे हे, दीर. त्यांच्यातला एकही त्या ओट्यासमोर उभा राहत नाही. ओट्याची उंचीसुद्धा त्यांनीच ठरवली होती. मी डिझायनरला सांगितलं, ओटीजीचा कट्टा खाली घ्या, खुर्चीवर बसून दार उघडता यावं असा. कारण सासूबाईंना गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही.

आता काय होतं ते सांगते. साडेचारला सासूबाई खुर्चीत बसून कणकेचे गोळे करतात. ट्रे ओढून टॉर्चने आत बघतात, पूंजतात, माझ्यापेक्षा नीट. मग बाट्या ठेवून टायमर लावतात. मी डाळीला फोडणी देते. सव्वापाचला सूनबाई आली की ताटं मांडलेलीच असतात. गेल्या महिन्यात ती एकदाही उपाशी राहिली नाही. आणि "वीजच नको" म्हणणाऱ्या सासूबाई आता शेजारणीला सांगतात, "बाटी ओटीजीतच करावी, गोवरीत किडे असतात."

तेव्हा शोरूममध्ये जाण्याआधी घरी बसून चार प्रश्न विचारा. आठवड्यात किती वेळा लागेल? आतून-मागून पडिलेहण करता येईल का? यामुळे कोणाचा चौविहार, कोणाचा तप सोपा होईल का? आणि याच कामाचं दुसरं यंत्र घरात आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं पटण्यासारखी आली आणि चौथ्याचं 'नाही' आलं, तर निःशंक घ्या, कोणी पाप म्हटलं तरी. नाही आली, तर त्या काळ्या काचेसमोरून सरळ पुढे चला. आणि काम काढलंय तर ओट्यासमोर जी उभी राहणार आहे तिला आधी विचारा, सून असली तरी.

या लिहिण्यात कोणाचं मन दुखावलं असेल तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.